वीतभर अंतर

अमिश लोकांवरच्या कादंबऱ्यांची मालिका मी गेले काही महिने वाचते आहे. अमेरिकेतली ही देवभोळी माणसं घोडागाडीतून फिरतात, घरात वीज घेत नाहीत. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून वाचलेलं मी तिला मराठीत सांगते. आज शेवटचं पुस्तक संपत आलं होतं. संपलं की त्या गोष्टीतल्या घरातून आपल्यालाही निघावं लागणार, याचंच मला वाईट वाटत होतं.

"काय म्हणतात तुझे घोडागाडीवाले?" मेथी निवडता निवडता आईने विचारलं. "पोहोचली का ती पोरगी माहेरी?"

ती पोरगी म्हणजे पंथाबाहेर लग्न केलेली थोरली लेक. पोहोचली, मी म्हटलं. पण बहिष्कृत माणसाबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. म्हणून तिच्या आईने मोठ्या टेबलाशेजारी एक लहान टेबल मांडलं, मध्ये वीतभर अंतर ठेवलं आणि दोन्हींवर मिळून एकच चादर अंथरली.

"किती कठोर ना?" मी म्हणाले.

आमच्या ताईने जातीबाहेर लग्न केलं. ती याच शहरात राहते. बाबांसमोर तिचं नावही कुणी काढत नाही.

आईने निवडलेली मेथी चाळणीत भरली.

"कठोर कसली गं? वेगळं का होईना, पान वाढलं ना तिला."

मग ती मेथी धुवायला उठली. नळ बराच वेळ वाहत राहिला.