दिव्याशेजारची खुर्ची

रघुनाथच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी चितेगावच्या बसमध्ये होतो. सकाळी अंघोळ करून टेकला आणि बसल्या जागी गेला म्हणे. मी रडलो, खरंच रडलो... आणि डोळे पुसता पुसता मनात आलं, आता ती खुर्ची रिकामी झाली. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

आम्ही दोघं सिल्लोडचे, एका बाकावर शिकलेलो आणि नोकरीलाही चितेगावच्या एकाच कारखान्यात लागलेलो. रस्त्यावरच्या चमकणाऱ्या पाट्या तपासायचं आमचं काम. आधी यंत्रानं त्यांचा पिवळा, तांबडा रंग मोजायचा. मग काळ्या पडद्यांच्या लांब खोलीत एका टोकाला दिवा लावायचा आणि दुसऱ्या टोकाच्या पाटीकडून किती उजेड परत येतो ते बघायचं. दिव्याशेजारच्या खुर्चीत रघ्या बसायचा. पाटी धरून उभा राहायचो मी, काळा कोट आणि काळे हातमोजे घालून, म्हणजे कपड्यांचा उजेड आकड्यात मिसळू नये. अशा पाटीवरचा उजेड जिथून येतो तिथंच परत जातो. त्यामुळं झगझगाट बघायचा त्यानं, आणि माझ्या वाट्याला आपली करडी पाटी.

जळायचो मी. लई जळायचो. पडद्यांसाठी काळं कापड आणायला शहागंजच्या बाजारात गेलो, तर घासाघीस केली मी आणि दुकानदारानं चहा पाजला त्याला. घरी बायकोचं एकच, भावजी किती हळू बोलतात. एकदा फिकट पडलेला माल त्यानं नापास केला. पुरवठादार तणतणत आला, तर यानं शांतपणे पुन्हा मोजून दाखवला. तोच आकडा! साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पाटी काय हवेत लटकत होती?

शेवटी न राहवून म्हणालो, जागा बदलू. तो नाय म्हणाला.

"तुझा हात हलत नाय, अरुण. म्हणून तर मी इथं बसतो."

गोड बोलून खुर्ची राखतोय, असं वाटलं मला. त्या रागात कितीतरी दिवस त्याच्या डब्याला हात लावला नाही, आणि वहिनींच्या हातची मेथी म्हणजे माझा जीव की प्राण.

त्याचं दिवसकार्य उरकलं आणि खुर्ची मला मिळाली. पहिल्यांदा दिवा लावला, तर पलीकडची पाटी अशी पेटली की मी आ वासून बघत राहिलो... इतकी वर्षं हा एकटाच बघत होता, लबाड! मग आकड्याकडं बघितलं. तो ठरेना. पाटी धरायला आलेला माणूस नवा, त्याचा हात जरा कलायचा. सावकाश धरा, म्हटलं. तरी आकडा वर, खाली, परत वर.

रघ्या कधी पाटी नीट धरलीस का म्हणून विचारायचा नाही. अंधारातून नुसतं "हां" म्हणायचा आणि मोजायला लागायचा. मीही आता तसंच "हां" म्हणतो आणि आकडा थांबायची वाट बघत बसतो. खुर्ची मिळाली, दिवा मिळाला, झगझगाटही मिळाला. तरी त्याचा हेवा काही जात नाही... त्याच्या समोर मी उभा असायचो.