रुखमा ढिवरणीचा समुद्र

बल्लारपूरच्या बाजारात रुखमा ढिवरणीच्या तोंडाला लागायची हिंमत फार थोड्यांची होती. एखाद्या गिऱ्हाइकानं मरळ मासा उलटापालटा करून नाक मुरडलं की ती टोपल्यावर हात ठेवून म्हणायची, "ठेव बाप्पा खाली. त्यानं बी तुह्या तोंडाचा वास घेतला, तो काई बोलला का?" वजनात कोणी खोट काढली की, "असं कर, तूच बस तराजूत. मासे बाहेर ठेवते." शेजारी झिंगे विकणारी गुणाबाई म्हणे, रुखमाचे मासे जाळ्यात सापडत नाहीत, तिच्या शिव्या ऐकून आपणहून काठावर येतात.

पण ही जीभ तिनं हौसेनं पाजळली नव्हती. नवरा हिवतापानं गेला तेव्हा डोमा मांडीवर होता. तलावात पुरुषांच्या जाळ्यांशेजारी आपलं जाळं टाकायचं, तर बाईला जीभच पुढं करावी लागे. हात नंतर. असं करत करत पोरगा वाढवला, त्याला जाळं विणायला शिकवलं, आणि तोच डोमा रेल्वेच्या कामावर गँगसोबत मद्रासकडे गेला आणि समुद्र बघून परत आला.

आला तो थेट बाजारात, आईच्या टोपल्यासमोर उभा.

"आई, मी तिकडंच राह्यतो. समुद्रावर मासे धरतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत पानीच पानी हाय वो. अन् सारं खारट."

"खारट?" रुखमानं आवाज चढवला, कारण भोवती माणसं होती आणि माणसं असली की तिचा आवाज आपोआपच चढे. "आयका वो गुणाबाई, ढिवराचं पोट्टं काय सांगून राह्यलं! मिठात मासा जगते काय रे? मिठात मासा वाळते!"

बाजार हसला. डोमाचे कान लाल झाले.

"जगते. म्या माह्या डोयानं पायलं."

"आमचे बाप-आजे मासे मिठात घालून वाळवत आले, ते काय येडे होते?"

"तुले काऊन समजत नाई? ते मीठ अलग..."

"जाय मंग! जाय त्या मिठात! मासा वाळते तसा तू बी वाळशीन!"

बाजार पुन्हा हसायला निघाला होता, तो मध्येच थांबला. गुणाबाई हळूच म्हणाली, "रुखमा, तोंडातून काय काढलं वो हे?" रुखमानं टोपल्यातल्या माशांवर उगाच पाणी शिंपडलं. तिनं वर बघितलं तेव्हा डोमाचं गाठोडं स्टेशनच्या वाटेला लागलं होतं.

आईचा शब्द लागतो, असं बल्लारपूरकडे मानतात. बाजारातल्या शिव्या हवेवर जातात. आईच्या तोंडचं वाकडं मात्र पोराच्या पाठोपाठ चालत राहतं. रुखमा दुसऱ्या दिवसापासून तशीच बोलत होती, तसंच भांडत होती. फक्त घरी सुक्या माशांची दोरी टांगलेली असायची, ती तिनं काढून टाकली. वाळलेला मासा डोळ्यासमोर नको वाटे.

त्याच सुमारास चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. बाजारात कोणीतरी म्हणालं, "रुखमाबाई, आता आपल्या राज्यात समुद्र आला!" रुखमा म्हणाली, "आला तं बसव त्याले, मी टोपलं उचलून जागा करते." लोक हसले. ती हसली नाही.

माघात नवाब आला. नवाब बल्लारपूरचाच, मद्रासच्या गाडीवर जेवण वाढायचं काम करायचा. चांद्याच्या शाळेत त्यानं चार इयत्ता मराठीत काढल्या होत्या आणि त्यांचा त्याला भारी अभिमान. बोलताना मधूनच एखादा पुस्तकातला शब्द काढून तो पानदानातल्या विड्यासारखा समोर धरी. त्यानं हमालाच्या डोक्यावरून चिनी मातीच्या दोन थोरल्या बरण्या रुखमाच्या अंगणात उतरवल्या.

"बाई, तुमच्या पोरानं समंदर पाठवला."

एका बरणीत नुसतं पाणी. दुसरीत पाणी, तळाशी रेती, एक खडबडीत दगड आणि बोटाएवढा मासा, अंगावर उभे काळे पट्टे. दगडावर काहीतरी फुलासारखं चिकटलेलं होतं. रुखमानं बोट लावलं तसं ते फूल मिटलं.

"मायवा! जितं हाय हे!"

"सब जिंदा आहे. आणि ही वाळू पाहा, वाळू! असली दर्याची वाळू."

"रेती म्हन ना सरळ."

"मराठीत वाळू म्हणतात, बाई. पुस्तकात आहे."

रुखमानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू केलं. इतकं खारट! आणि त्या खारटात तो पट्टेवाला आरामात वळत होता, जणू पाहुणा आला म्हणून अंगणातून फेरी मारतोय.

"डोमा बोला," नवाब म्हणाला, "आईले म्हनावं, हा मिठातला मासा. जगते का नाई ते पाय. महाकालीच्या जत्रेले येतो, तवा जिता दाखव."

डोमाची नक्कल त्यानं इतकी हुबेहूब केली की रुखमाचा हात थेट नवाबच्या गालाकडे गेला आणि अर्ध्यातून मागं आला.

मासा मिठात जगत असेल, तर पोरगाही जगेल. मासा वाळला नाही, तर शब्दही लागला नाही. तिच्यापुरता हिशेब एवढा सरळ होता.

तसबिरींना काच बसवणाऱ्या गुलाम रसूलकडे ती गेली. "समंदर ठेवायचा आहे? मग किती बाय किती?" असं विचारून तो स्वतःच पोट धरून हसला, पण काम त्यानं मन लावून केलं. खिळा-पत्रा वापरला नाही. मीठ लोखंड खातं, म्हणाला. सागाची चौकट, चारी बाजूंनी काच, आणि सांध्यांत पळसावरची लाख वितळवून भरलेली. पेटी ओसरीवर, उन्हापासून आड, गोणपाट ओलं करून भोवती गुंडाळलेलं. तळाशी रेती, मधोमध दगड, वर बरण्यांतलं पाणी. पाणी कुठवर आलं तिथं गुलाम रसूलनं काचेवर लाखेची रेघ ओढून दिली.

बाकीचं रुखमाला कोणी सांगायला नको होतं. बोडीतलं, म्हणजे छोट्या तळ्यातलं, माशांचं पिल्लू हंडीतून दुसऱ्या बोडीत नेताना हात बुडवून पाणी सारखं हलतं ठेवावं लागतं, नाहीतर पिल्लं तोंड वर काढून मरतात. तशी ती येता-जाता पेटीत हात घालून पाणी ढवळी. झिंग्याचा बारीक चुरा चिमटीनं टाकी, उरला तर काढून घेई. एकच गोष्ट तिला अडली. पाणी रेघेच्या खाली जायला लागलं. ती स्टेशनवर गेली. मद्रासची गाडी उभी होती, नवाब दारात थाळ्या मोजत होता.

"नवाबभाऊ, पानी कमी होऊन राह्यलं!"

"होणारच, बाई. उन्हानं उडतं." शिट्टी झाली, गाडी हलली. नवाब दांडा धरून बाहेर वाकला. "पानी कम झालं का मीठा पानी टाकायचं! रेघेपर्यंत! मीठा पानी! भुलू नका!"

"नाई भुलत!" रुखमा ओरडली. वाटेत तिनं वाण्याकडून जाडं मीठ घेतलं.

तेव्हापासून बाजारात एक नवलच झालं. कोणी विचारो न विचारो, रुखमा सांगायला लागली, "मिठात मासा जगते वो. मीच चुकली."

"काय म्हनलं?" गुणाबाईनं कान पुढं केला. "पुन्हा म्हन, रुखमा. जन्मात पयल्यांदा आयकलं."

"चुकली म्हनलं! मासा जगते! घरी ये अन् पाय!"

माणसं येत, ओसरीवर वाकत, पट्टेवाल्याला बघून तोंडात बोट घालत. रुखमा प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवी. भर बाजारात टाकलेला शब्द भर बाजारातूनच वेचून आणायचा, म्हणजे जेवढ्या कानांनी तो ऐकला तेवढ्या कानांत हे घालायला हवं.

फाल्गुन तापला. चांद्याकडचं ऊन; सकाळी रेघेला लागलेलं पाणी संध्याकाळी बोटभर खाली. रुखमा तांब्याभर पाण्यात मीठ विरघळवी, जिभेवर चव बघे आणि हळूच ओतून रेघ गाठी. काही दिवसांनी काचेच्या कडेला पांढरी खपली दिसू लागली. तिनं नखानं खरवडून चाखली. मीठच. समुद्राचं मीठ बाहेर पळून राह्यलं, तिला वाटलं. बिचाऱ्याला आत कमी पडत असेल. तिनं मूठ जरा मोठी केली.

दगडावरचं फूल उघडेनासं झालं. मासा एका कोपऱ्यात राहू लागला, कल्ले भराभर हलवत. रुखमानं पाणी जास्त ढवळलं, गोणपाट पुन्हा पुन्हा भिजवलं, झिंगे बदलले, महाकालीला नवस बोलली. आणि मीठ वाढवलं. गुणाबाई म्हणाली, "याले बरं दिसत नाई वो." रुखमा म्हणाली, "तुलेच बरं दिसत नाई, दवाखान्यात जाय." पण आवाजात जोर नव्हता.

जत्रेला थोडेच दिवस राहिले होते. ती सकाळी उठून ओसरीवर आली आणि पेटीशेजारी खाली बसली. मासा आडवा वर आला होता. तिनं त्याला ओंजळीत घेतलं. ढिवरीण होती ती. हजारो मासे तिच्या हातात मेले होते, एकाचंही तिला काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी टोपलं बाजारात गेलं नाही.

डोमा आला तो नवाबसोबतच, स्टेशनवरून सरळ. उन्हानं काळा पडलेला, खांदे रुंद झालेले. वाळला बिळला काही नव्हता. रुखमानं त्याच्याकडे डोळे भरून बघितलं आणि क्षणभर तिला मासाबिसा काही आठवलं नाही. तो मात्र ओसरीकडे वळला होता. रिकामं पाणी, दगडावर मिटलेलं फूल, काचेवरचे पांढरे थर. त्यानं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई, हे काय? तुनं मीठ टाकलं याच्यात?"

"टाकलं. पानी कमी झालं का टाकत गेली. नवाबभाऊनंच सांगतलं."

"मैंने?" नवाब उडालाच. "मी नमक कुठं बोललो, बाई? मीठा बोललो, मीठा! मीठा पानी! गोड, विहिरीचं!"

रुखमाचे ओठ हलले: मीठ. मीठा. मीठ.

डोमा पेटीकडेच बघत म्हणाला, "पानी उडते, आई. मीठ उडत नाई. ते आतच राह्यते. तू वरून आनखी टाकत गेली."

"मले काय मालूम बाप्पा, त्यायच्या बोलीत..."

"तुले मिठाई मालूम हाय, मीठा पान मालूम हाय." त्यानं राग केला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो थकल्यासारखा बोलत होता. "तुले मीठच आयकू येनार होतं. आता बाजारात सांग, मासा वाळला म्हून. तुहीच गोठ खरी झाली."

बाजारातली सगळ्यात तिखट जीभ. जगात कोणाला उत्तर दिल्याशिवाय न राहिलेली. ती नुसती पोराच्या तोंडाकडे बघत राहिली. मी बाजारभर काय सांगत फिरली ते गुणाबाईले विचार, एवढं तरी म्हणायचं होतं. पण जिंकायची सवय लागलेल्या जिभेला हरल्याचं बोलता येत नाही, तसं झालं. आणि तेवढ्यात नवाबच मध्ये पडून माझीच चूक, माझीच चूक म्हणत राहिला, त्यात ते राहूनच गेलं.

डोमानं जत्रेत देवीचं दर्शन घेतलं, आईच्या हातचं खाल्लं, छपराची कवेलू नीट करून दिली. मासा हा शब्द दोघांनीही काढला नाही, आणि ढिवराच्या घरात तो शब्द वगळला की बोलायला फारसं काही उरत नाही. मग तो गेला. तिनं त्याला दारातूनच निरोप दिला. स्टेशनवर जायचा धीर झाला नाही.

पेटी तशीच आहे. पाणी रेघेखाली गेलं की रुखमा विहिरीचं पाणी आणून घालते. आत कोणी नाही, तरी घालते. बाजारात कोणी आगाऊ तरुण म्हणतो, "रुखमाबाई, मिठातला मासा हाय काय वो?" ती तराजू सरळ करते आणि विचारते, "किती देऊ?"

पावसाच्या तोंडाशी ती एकदा मद्रासच्या गाडीवर गेली. नवाब दारात होता. तिला बघून तो ओशाळला आणि मग मोठ्यानं बोलू लागला.

"बाई! काय सांगू पोराला? आणतो ना पुन्हा. मासा आणतो, समंदरचं पानी आणतो, जे म्हणाल ते."

रुखमानं मान हलवली. वाटेत तिनं पुष्कळ जुळवलं होतं. आता त्यातलं काहीच शब्दाला शब्द लागून येईना. शिट्टी झाली. तिला एवढंच कळत होतं, की तो एक शब्द उलटा फिरवायचा आहे, आणि तो आजच फिरवायचा आहे. गाडी हलली तशी ती डब्यासोबत चालू लागली.

"त्याले म्हना..." तिचा आवाज चिरकला. "आईनं सांगतलं म्हना... वाळू नको!"

"क्या?"

"वाळू नको म्हना त्याले! वाळू नको!"

नवाबचा चेहरा उजळला. हा शब्द त्याचा होता, पुस्तकातला.

"हां हां, समजलं!" तो दांडा धरून ओरडला. "वाळू नको! सांगतो, बाई! मासा पाठव, पानी पाठव, वाळू नको! पुरानी आहे तीच चालेल!"

रुखमा थांबली. तिनं हात वर केला, नाई, नाई, म्हणाली. पण डबे भराभर पुढं सरकले. नवाब लांबून मान डोलावत होता, निरोप पक्का पोचेल अशी खात्री देत.