रथ उतरवणारी मुलगी

“हिचा हात चांगला चालतो. हिला दोरी द्या.”

असं म्हणत काकूंनी माझ्या मुलीच्या हातातलं नाटकाचं पान काढून घेतलं. सगळ्या मुलांसमोर. ते पान दुसऱ्या एका मुलाकडे गेलं. त्याला देवनागरी धड वाचता येत नाही. त्याच्या आईनं तिथंच बसून त्याला सगळे संवाद रोमन अक्षरांत लिहून दिले.

मी म्हटलं, “सावी पाठ करून आलीय. तिलाच वाचू द्या ना.”

काकू गोड हसल्या. “अहो, वाचते छानच. पण बोलण्याला जरा गावठी वळण आहे. जुनं नाटक आहे, कानाला खटकतं. याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वाचन आहे. आणि तुम्ही तर इंजिनिअर! तुमची मुलगी यंत्रापाशीच शोभेल.”

माझं आडनाव कळल्या दिवसापासून त्या माझ्याशी असंच गोड बोलतात.

कोलकात्यातल्या मराठी मुलांसाठी मंडळाचा रविवारचा वर्ग असतो. काकू तो चालवतात. यंदाची कल्पना माझी होती. एक जुनं संस्कृत नाटक मराठीतून वाचायचं, आणि त्यात आकाशातून उतरणारा रथ मुलांनी खरोखर बनवायचा. कप्पी, दोरी, वजनाचा तोल. नियमही मीच केला होता: जो वाचेल तो बनवेल, जो बनवेल तो वाचेल. काकूंनी एका वाक्यात मुलांचे दोन भाग केले. वाचणारे पुढे, ओढणारे मागे.

आणि मी त्यांचीच री ओढली. पोरीला म्हणाले, “अगं, दोरीच तर महत्त्वाची. आपण इंजिनिअर लोक.” खोटं बोलले. असल्या वाटण्या मला शाळेपासून ठाऊक आहेत.

तालमीत तो मुलगा अडखळला. पडद्यामागून सावीनं हळूच पुढचं वाक्य सांगितलं. काकू ओरडल्या, “तू मागं गप्प राहा गं! दोरी सांभाळ.”

सावीनं काकूंकडे पाहिलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून कप्पीचा स्क्रू घट्ट करत होते. तो आधीच घट्ट होता.

घरी परतताना एस्प्लनेडहून बेहालाच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. पाणी हवं का विचारलं, तर म्हणाली, “नहीं चाहिए.” घरी आल्यावरही हिंदीच. चार दिवस. शेवटी मी चिडले. मराठीत बोल म्हटलं.

“मराठी में मैं गँवार लगती हूँ ना? तुम भी तो सुधारती हो.”

मेले मी. खरंच होतं ते. नागपूरची माझी बोली नोकरीला लागल्यावर मी घासून घासून पुसली. मग तिच्या तोंडून आली की टोकायचे. ‘करून राहिली’ नको, ‘करते आहे’ म्हण. मंडळात शोभायला हवं ना! काकूंनी केलं ते एका रविवारी. मी घरात रोज करत होते, आणि त्याला संस्कार म्हणत होते.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला होता. रथ वर टांगलेला. मी मागं जाऊन दोरी खुंटीला बांधून टाकली आणि पडद्यासमोर आले.

“रथ उतरणार नाही,” मी म्हणाले. “आधी सगळी पोरं वाचतील. मग सगळी ओढतील.”

काकू जवळ येऊन कुजबुजल्या, “एवढ्याशा गोष्टीवरून? मनाला लावून घेऊ नका हो.”

“मनाला नाही लावून राहिली मी, काकू. सरळ सांगून राहिली.”

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कुणीतरी हसलं. हसू दे.

मी पान सावीपुढे धरलं. तिनं हात मागं घेतला. “मुझे नहीं पढ़ना.” तेवढंच. रथ वरच राहिला. लोक कुरकुरत उठले, आणि मी पोरीला घेऊन बाहेर पडले.

तिनं वाचलं असतं तर मी सुटले असते. तिनं मला सोडलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

आता वर्ग बेहालात आमच्याच घरी भरतो. तीन मुलं येतात. हातात करवत धरणाऱ्याला वाचावं लागतं, वाचणाऱ्याला करवत धरावी लागते. मी माझ्या आईच्या बोलीत शिकवते. सावी आतल्या खोलीत असते, दार लावून. मी तिला बोलावत नाही, माफ कर म्हणत नाही. पण कुणी तिच्या बोलण्याला पुन्हा गावठी म्हटलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे. आणि ते म्हणणारी मीच निघाले, तर माझीही गय नाही.