हिंगाची उघडी डबी

जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी बावीस वर्षं माल तपासायचं काम केलं. पोत्यात हात घालायचा, मूठभर तूर नाकाशी धरायची आणि हो किंवा नाही सांगायचं. सिगारेट त्याच्याही आधीपासूनची.

तीन वर्षांपूर्वी धरणगावकडून तुरीचा ट्रक आला. मी वास घेतला, माल उतरवायला सांगितला. निवडणाऱ्या बायांमधल्या वयस्क अक्का पोत्यापाशी थबकल्या.

"भाऊ, हाई तूर कुबट शे. तुमले वास येत नही का?"

मला राग आला. तरी मधली चार पोती फोडून घेतली. त्यांतल्या तीन पोत्यांत बुरशीचे गोळे निघाले. चौथं कोरडं होतं, पण अक्कांनी तेही बाजूला काढायला लावलं.

घरी बायकोला सांगितलं. तिनं मला डोळे मिटायला लावले.

"हे काय आहे?"

"काही धरलंच नाहीस तू."

डोळे उघडले तर नाकाखाली हिंगाची उघडी डबी होती. ती हसली नाही.

नाकाच्या डॉक्टरांनी आधी सिगारेटी किती, ते विचारलं. म्हणाले, "धुरानं नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होतात, पण तुम्ही त्यांना उसंतच देत नाही. मग मेंदूपर्यंत काही पोचत नाही." सगळं परत येईल असं ते म्हणाले नाहीत.

मालकांना मी स्वतःच सांगितलं. तपासणीचं काम अक्कांकडे गेलं, मी वजनकाट्यावर बसलो. वाईट वाटलं, पण त्यांनी निवडलेल्या मालाबद्दल एकही तक्रार आली नाही.

सिगारेट सोडल्यावर पहिले दोन महिने डोकं चालेना. सोपी बेरीज चुकायची, जेवण झालं की हात आपोआप खिशाकडे जायचा. वास गेला म्हणून मेंदूनं कधी कुरकूर केली नव्हती. सिगारेटसाठी मात्र तो दिवसभर मागे लागायचा.

सोडल्यापासून आठव्या महिन्यात थंडी पडली म्हणून कपाटातून जुना स्वेटर काढला. डोक्यातून घालताना काहीतरी शिळं, जळकं नाकात शिरलं. मी तो पुन्हा नाकाशी धरला.

"याला कसला वास येतोय गं?"

बायको दारातच थांबली. "तुमचा," ती म्हणाली. "मला रोज यायचा."

तिनं स्वेटर माझ्या हातातून घेतला आणि गरम पाण्यात भिजत घातला. पाणी पिवळं झालं. तिनं ते ओतून दुसरं घेतलं.