ज्याला मी भाकर दिली नाही

"नाय नव्हे, नाही. पुन्हा म्हण."

भास्करराव सोफ्यावर बसला होता. मी त्याच्यासमोर उभा. बस असं कोणी म्हणालं नव्हतं. पालघरला त्याचा बंगला आहे, तिथल्या दिवाणखान्यात भर दुपारी हे चाललं होतं. जेवणाच्या टेबलावर त्याचे दोन पाहुणे सुरमई खात होते. मी चुकलो की एकमेकांकडे बघायचे.

मी पाळक. बोईसरच्या चर्चमध्ये रविवारी झगा घालून उपदेश करणारा. भास्करराव आमच्या चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष. रविवारी चारचौघांत तो मला 'पास्टर, तुम्ही' म्हणायचा. बंगल्यावर 'तू'.

दुसऱ्या दिवशी रमणला माती द्यायची होती. मयतीला मी काय बोलायचं ते तो मला शिकवत होता. रमणचं जाणं ही देवाची इच्छा होती, आपण त्याला का म्हणून विचारायचं नाही, असं बोलायचं. एवढं झालं की पुढची प्रार्थना माझी मी करायची.

मी म्हणून दाखवलं. 'विचारायचं नाय' आलं तोंडात.

"सेमिनरीत घालून काय उपयोग यांना," तो पाहुण्यांना म्हणाला. "जंगलातून आणा, झगा चढवा, तोंड उघडलं की परत जंगल."

पाहुणे हसले. एकाने हसता हसता तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

मी वारली. डोंगराकडच्या पाड्यावरचा. आईने गवत कापून मला वाढवला. माझ्या बोलीत ती प्रार्थना करायची, आणि त्या घरात त्याच बोलीची अशी चेष्टा चालली होती. मला चार वेळा म्हणायला लावलं. मी म्हटलं. चौथ्यांदा 'नाही' बरोबर आलं.

दारापर्यंत तो मला सोडायला आला. आवाज खाली आणून म्हणाला, "लक्षीला समजव. पोलिसात जाऊन काही मिळत नसतं. आणि मास्कचं नाव कोणी काढायचं नाही. तुझे लोक तुझं ऐकतात. त्यासाठीच तर तुला ठेवलाय."

ठेवलाय. गडी ठेवतात तसा. मला वाटत होतं, मला देवाने बोलावलंय.

रमण कोण, ते सांगतो. आमच्या चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. भास्करराव तिथला लेबर कॉन्ट्रॅक्टर, रमण त्याच्या हाताखाली. बायको लक्षी आणि लहान मुलीला घेऊन सरावलीच्या चाळीत राहायचा. रंगाच्या कंपनीत होता तेव्हा त्याचे तळवे निळे असायचे, साबणाने जायचे नाहीत. प्रभुभोजनाला ते निळे तळवे पुढे करायचा, आणि त्यावर भाकरीचा पांढरा तुकडा ठेवताना मला दर वेळी वाटायचं, भाकर खरी पोचायला हवी ती इथेच.

गेला त्या दिवशी त्याला केमिकलची टाकी साफ करायला उतरवलं. टाकीत गॅस होता. तो आत कोसळला. वर काढला तेव्हा संपलेला.

त्याचा कामावरचा जोडीदार राजू, बनारसकडचा. इस्पितळाच्या आवारात मला बाजूला घेऊन म्हणाला, "रमण ने मास्क माँगा था, फादर. भास्कर साहब ख़ुद खड़े थे. बोले, पाँच मिनट का काम है, मुँह पे कपड़ा बाँध ले."

हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी बंगल्यावर उभा राहून 'देवाची इच्छा' घोकत होतो. भास्कररावाने बोलावलं की जायचं, हे अंगात भिनलेलं. आमच्या चर्चच्या छपराचे पत्रे त्याने दिलेले, पाळकाच्या खोलीचा पंखा त्याने दिलेला. त्या पंख्याखाली मी न्यायावर उपदेश लिहायचो.

बंगल्यावरून निघालो तो सरळ सरावलीला लक्षीकडे. ती दारात बसली होती. डोळे कोरडे. मी बोलायला सुरुवात केली, "देवाची..."

तिने मधेच तोडलं. "देवानं उतरवला त्याला टाकीत? तुमी सांगा पास्टर, देवानं सांगितला त्याला, फडका बांध म्हणून?"

मी म्हटलं, "नाय."

"मंग कोनी?"

तिच्या तोंडावर खोटं बोलायची हिंमत मला झाली नाही. मी नाव सांगितलं. तिने मान हलवली. तिला ते ठाऊक होतं. मला बोलता येतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

"मंग ह्या उद्या सगळ्यांच्या म्होरं बोला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. रमणची शवपेटी मध्ये. पहिल्या रांगेत भास्करराव, पांढऱ्या सफारीत. हातात हार.

मी माझ्या बोलीत बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्या व्यासपीठावरून.

"रमण देवाच्या इच्छेनं मेला नाय. देवाची तशी इच्छा नसते. त्यानं मास्क मागितला, त्याला दिला नाय. ज्यानं टाकीत उतरवला तो मानूस हितं हार घेऊन बसलाय. रमणचं मरण देवाच्या अंगावर ढकलाया मला शिकवून पाठवलता. मी ढकलनार नाय."

मागच्या बाकावरची आमची पाड्यावरची माणसं एक एक करून उभी राहिली. भास्कररावाने हार बाकावर ठेवला आणि बाहेर गेला. त्याच्या मागोमाग कमिटी. पेटी आम्ही उचलली.

कबरस्तानातून लक्षी तशीच पोलीस ठाण्यात गेली, मातीच्या हातांनी. राजू आणि मी बरोबर. तिथे मी जबाब दिला. भास्कररावाने बंगल्यावर काय शिकवलं, मास्कबद्दल काय बोलला, शब्दन् शब्द.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा. मला वाटलं, भास्करराव येणार नाही. आला. बायकोला घेऊन, छाती काढून. आला नसता तर गावभर बोलणं झालं असतं ना. प्रभुभोजनाला येऊन गुडघे टेकले, पाळकाच्या हातून भाकर घेतली, की माणूस स्वच्छ. त्याला माझ्याकडून तेवढंच हवं होतं.

शनिवारभर मी यावर विचार केला होता. भाकर माझी नाही, प्रभूची आहे. नाकारणारा मी कोण? शिकलो तेही तसंच, प्रभूचं मेज सगळ्यांसाठी. पण रमणचे हात डोळ्यांपुढून हलत नव्हते. ते हात ज्याने संपवले, त्याच्या हातावर मी तीच भाकर ठेवायची?

खरं सांगतो. त्यात धर्मशास्त्र कमी होतं, राग जास्त. मला त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं होतं. मला चार वेळा म्हणायला लावलं त्याचाही राग होता. तो मी लपवत नाही.

तो वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसला. हात पुढे केले. गुबगुबीत, दोन अंगठ्या. मी थांबलो.

"भास्करराव, तुम्हाला नाय."

त्याने वर पाहिलं. "काय?"

"लक्षीच्या दारात जा. काय केलं ते तिच्या तोंडावर सांगा. पोलिसांना सांगा. मग या."

"पास्टर, हात जोडतो, इथे तमाशा नको."

पहिल्यांदा तो माझ्याशी विनवून बोलला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी शेजारच्या म्हातारीच्या हातावर भाकर ठेवली आणि पुढे सरकलो. तो तसाच गुडघ्यांवर राहिला, रिकामे हात पुढे केलेले. सगळी मंडळी बघत होती. शेवटी बायकोने दंडाला धरून उठवला.

संध्याकाळी कमिटी बसली. मला काढलं. खोली रिकामी करायला सांगितली. आता मी सरावलीला चाळीतच राहतो, लक्षीच्या दोन घरं पलीकडे. उपासना तिच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत होते. वारा फिरला की कंपन्यांचा वास येतो, तेव्हा आम्ही तोंडावर पदर, रुमाल धरून गातो. पाड्यावरची माणसं टेम्पोतून येतात. राजूही येऊन उभा राहतो, त्याचा देव वेगळा असून.

केस कोर्टात आहे. भास्कररावाने मध्ये दोनदा माणूस पाठवला. चर्च परत देतो म्हणाला, फक्त जबाब फिरव. परवा पुन्हा तोच आला. त्याचं म्हणणं, साहेबांची तब्येत बरी नसते, त्यांना शांती हवी आहे, तुम्ही पाळक आहात, क्षमा करणं तुमचं काम.

मी त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग म्हटलं, "क्षमा लक्षीची हाय. ती मी वाटायची नाय. आणि त्याला शांती मिळू नये, ही मी रोज प्रार्थना करतो. जाऊन सांग."

तो म्हणाला, "पाळकाने असं बोलावं?"

"बोलावं. आणि कोर्टातबी बोलनार. त्याच्या समोर उभा राहून. माझ्या बोलीत."

आमचे वकील म्हणतात, उलटतपासणीत तुम्हाला फार सोलतील. सोलू देत. मी तारखेची वाट बघतोय. त्याला तुरुंगात जाताना मला बघायचंय, आणि लक्षीला शेजारी उभी करून बघायचंय.