विहिरीनं नाव विचारलं तिथपर्यंत

कॉलेजातली मुलं-मुली कधीमधी फोन करतात. "ताई, मले पॉडकास्ट सुरू करायचा हाये. माइक कोणता घेऊ?"

मी सांगते, माइकचं शेवटी बघू. आधी घरातली सगळ्यात लहान खोली शोध. भिंतींवर गोधड्या टांग, पंखा बंद कर, फोन विमान मोडवर टाक. आठवड्याला जमत नसेल तर महिन्याला एक भाग कर, पण ठरलेला वार चुकवू नकोस. रेकॉर्ड केलेलं दोन ठिकाणी साठवल्याशिवाय त्याला कात्री लावू नकोस. आणि ऐकणारे किती, ते रोज बघू नकोस. माझे पहिले सहा महिने बहुतेक नातेवाईकच ऐकत होते, तेही मी पाठीमागे लागले म्हणून.

एवढं सांगून बहुतेक वेळा मी थांबते. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून ते इथं लिहिते.

दिग्रसच्या आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. ती पदवी मी लॅमिनेट करून दर्शनी भिंतीवर लावली आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. आत्याला अक्षर येत नाही. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली, आणि तेव्हापासून तिनं जन्मभर कापूस वेचला. पण गोष्ट सांगावी तर तिनंच. वेचणीच्या बायका तिच्या बाजूची ओळ मिळावी म्हणून भांडायच्या. पॉडकास्ट करायचं मी ठरवलं तेच तिच्या गोष्टींसाठी, पण सुरुवात आज-उद्यावर ढकलत होते.

मग तिचा घसा बसला, तो बसलाच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर आवाज राहणार नाही. बारा दिवसांनंतरची तारीख दिली. परतीची बस सुटायच्या आधीच मी ठरवलं होतं, या बारा दिवसांत तिच्या जेवढ्या गोष्टी घेता येतील तेवढ्या घ्यायच्या. सगळ्यात आधी विहिरीची. ती मी लहानपणी अर्धवट झोपेत ऐकली होती आणि शेवट मला कधीच कळला नव्हता.

आता माझी चूक सांगते. मोबाइलवर लेख वाचून मी एक नियम शिकले होते: समोरचा बोलत असताना आपण 'हं, हं' करायचं नाही, नुसती मान डोलवायची. आवाज स्वच्छ येतो. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटला. शिकलेल्या माणसाला लिहिलेला नियम लवकर पटतो.

आत्यानं सुरुवात केली. नवी सून पहाटे पाण्याला जाते. घागर सोडते, तर विहिरीतून आवाज येतो, "पोरी, तुहं नाव काय?" सून थबकते. लग्नात तिचं नाव बदललेलं. सासरी कुणी जुन्या नावानं हाक मारत नाही, आणि नव्या नावानं तरी कुठं मारतात? ती तोंड उघडते...

आत्या थांबली. मी जोरात मान डोलवली.

"तू गप काहून बसली?"

"ऐकून राह्यली ना, आत्या. माहा आवाज नाई पायजे त्याच्यात."

"मंग भिंतीले सांगू का? थे तरी घुमते."

ती भिंतही मी गोधडीनं झाकून टाकली होती. मी हसले. ती हसली नाही. "राहू दे. तुले कंटाळा आला," असं म्हणून ती उठली. मला वाटलं, थकली असेल.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस तिला धाप लागत होती. मी नुसते प्रश्न विचारायचे, ती एका वाक्यात उत्तर द्यायची. आवाज मात्र स्वच्छ यायचा.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारची काकू भेटायला आली. तिनं आत्यासोबत वर्षानुवर्षं कापूस वेचला आहे. मी कौतुकानं तिला रेकॉर्ड केलेली विहिरीची गोष्ट ऐकवली. आत्या थांबली तिथं काकूनं माझ्याकडे पाहिलं.

"मंग? इथं तू 'मंग?' नाई म्हटलं?"

"मान डोलवली ना."

"वेचणारी बाई बोंडाकडं पाह्यते का तुह्या मानेकडं? हुंकार नाई देल्ला तं तिले कसं कळन, कोणी ऐकून राह्यलं का नाई? एवढी शिकली अन् इतकं समजत नाई तुले?"

मी आतल्या खोलीत गेले. आत्या पिशवी भरत होती. फोन चालू करून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आत्या, विहिरीनं नाव विचारलं. मंग?"

तिनं पिशवी खाली ठेवली. आवाज खरखरत होता. "थे मधातून नाई सांगता येत, बाई. सुरुवातीपासून सांगा लागते. तेवढा दम नाई आता."

मग तिनं कोल्ह्याची एक लहान गोष्ट सांगितली. काकू आणि मी दोघींनी मिळून हुंकार दिला. वाक्यागणिक आमचं "हं", "मंग?", "अगं बाई!" त्यात आहे, बाहेर हॉर्न आहे, आत्याचा खोकला आहे. मी त्यातलं काहीही कापलं नाही. माझ्या सगळ्या भागांत तोच एक चांगला आहे.

ऑपरेशन नीट झालं. आत्या बरी आहे, जेवते, भांडतेही. चहा, औषध, पंखा, एवढं तिच्या ओठांवरून मला कळतं. गोष्ट कळत नाही. एकदोनदा तिनं प्रयत्न केला, मी चुकीचं समजले, तिनं हात झटकून सोडून दिलं. तिला लिहिता येत असतं तर, हा विचार मी फार वेळ करत नाही.

काही महिन्यांनी मी ती गोष्ट अर्धीच प्रसिद्ध केली, आणि शेवटी सांगितलं की पुढं माझ्या चुकीमुळे राहिलं. ऐकणाऱ्या बायका आपापला शेवट बोलून पाठवू लागल्या. नेरकडची एक म्हणते, सुनेनं माहेरचं नाव सांगितलं. पांढरकवड्याची एक म्हणते, तिनं विहिरीलाच विचारलं, "आधी तुहं सांग." एकीनं तर नुसतं स्वतःचं नाव बोलून पाठवलं.

मी ते आत्याला ऐकवते. ती डोळे मिटून ऐकते, मग मान हलवते. नाही, असं नाही. आणि बोटानं खूण करते, दुसरं लाव.