माजी इन्स्पेक्टरला परत घेतलं का?

नागपुरातच जरीपटक्याच्या बाजारात चादरी घ्यायला गेले होते, आणि आले ती रद्दीच्या दुकानातून सुतळीनं बांधलेला रहस्यकथांचा गठ्ठा घेऊन. शाळेत असताना या मालिकेनं मला वेड लावलं होतं. नायक पोलिसातून बाहेर पडलेला इन्स्पेक्टर. बायको सोडून गेलेली, दारू सुटत नाही, मुंबईत एका गॅरेजच्या वरच्या खोलीत राहतो आणि लोकांच्या भानगडी निस्तरतो. मुंबईच्या घामट हवेत तो ओव्हरकोट घालून फिरतो, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

आता पन्नाशी उलटल्यावर वाटतं. दर दोन-तीन प्रकरणांनी कोणीतरी त्याच्या डोक्यात मागून काहीतरी घालतं, आणि शुद्धीवर आल्याबरोबर तो सिगारेट पेटवतो. त्याला भेटणारी प्रत्येक बाई दाराला टेकूनच उभी असते. या लोकांच्या घरात खुर्च्या नसाव्यात. तरीही मी वाचत सुटले, आणि एकटीच हसतेय हे बाबांनी ऐकलं.

बाबांची दृष्टी काचबिंदूनं गेली आहे. कान मात्र शाबूत.

"काय वाचून राहिली वं?"

"पोलिसाची गोष्ट आहे बाबा. जुनी."

"पोलिसाची हाय? मंग मोठ्यानं वाच न."

इथे सांगायला हवं, की माझे बाबाही माजी पोलीसच. फौजदार होते. त्यांची नोकरी ज्या कारणानं गेली, ते कुठल्याही रहस्यकथेत कोणी छापणार नाही. पंचनाम्याला साक्षीदार म्हणून दोन पंच लागतात, आणि पुढे कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून भला माणूस पंच व्हायला तयार होत नाही. त्यामुळे त्यांच्या ठाण्यात एक रीत पडली होती. गावात कुठेही काहीही घडो, एक पंच ठरलेला, समोरचा पानवाला. एका खटल्यात वकिलानं त्याला विचारलं, घटनास्थळी तुम्ही काय पाहिलं? पानवाला सरळ मनाचा. म्हणाला, "मी कायले जातो तिथं? साहेब ठेल्यावरच कागद पाठवते, मी सही करून देतो." खटला कोसळला. रीत सगळ्यांची होती, पण त्या पंचनाम्याखाली नाव बाबांचं होतं. आधी निलंबन, मग चौकशी, मग बडतर्फी.

कादंबरीत असा माणूस गॅरेजवर खोली घेतो. बाबा रोज एसटीनं उमरेडला जाऊन कोळशाच्या डेपोवर ट्रकांच्या पावत्या तपासू लागले. आणि सुट्टी मिळाली की इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, परत घेण्याचा अर्ज घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या दारासमोर बाकावर जाऊन बसायचे. अशी कित्येक वर्षं गेली. माझा नायक साहेबांना दारातून हाकलायचा, आणि माझे बाबा साहेबांच्या दारात बसायचे. मला त्या पांढऱ्या शर्टाचा फार राग यायचा.

तर मे महिन्यातल्या दुपारी आमचं वाचन सुरू झालं. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवावा लागे, त्यामुळे शेजारच्या काकूंनाही सगळे खून फुकटात ऐकायला मिळाले. बाबा मधेमधे तपास आपल्या हाती घेत. नायकानं मेलेल्या माणसाच्या टेबलावरचा पेला रुमालात गुंडाळून खिशात टाकला, की ते ताडकन उठून बसत.

"पंच कुठं हाय? कोर्टात उडन न हे सारं!"

पंचांविषयी इतक्या पोटतिडकीनं बोलायला निदान त्यांनी तरी थोडं लाजायला हरकत नव्हती. नायकाच्या डोक्यात पुन्हा फटका बसला, की ते म्हणत, "याचा एक्स-रे काहून काढत नाही कोणी?"

पण पुस्तक संपलं की प्रश्न एकच.

"याले परत घेतलं का मंग?"

"नाही बाबा."

"अर्जच केला नसन त्यानं."

पुढचं मला माहीत होतं. शेवटच्या भागात कमिशनर स्वतः गॅरेजचा जिना चढून येतात, परत घेतल्याचा हुकूम नायकाच्या हातात ठेवतात, आणि नायक तो कागद पेटवून त्यावर सिगारेट शिलगावतो. शाळेत मी ते पान मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं, अगदी अभिनयासकट. आता तेच पान बाबांना वाचून दाखवायचं मला भय वाटू लागलं. जो कागद त्यांना आयुष्यभर मिळाला नाही, तो कुणीतरी ऐटीत जाळतो, हे या वयात त्यांना कशाला ऐकवायचं? शेवटचा भाग मी गव्हाच्या कोठीमागे सारला आणि सांगून टाकलं, "रद्दीवाल्याकडे एवढीच पुस्तकं होती."

"खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होते," बाबा म्हणाले. "लहानपणापासून हाय ते. आण पुस्तक."

मालिकेच्या सगळ्या भागांत मिळून नायकाला इतका सरळ तपास जमला नव्हता.

शेवटच्या प्रकरणाला त्यांनी कूलर बंद करायला लावला. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद कर म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नसतो. मी वाचत होते आणि मनात दुसराच मजकूर जुळवत होते, नायक हुकूम वाचतो, डोळे पुसतो, वर्दी चढवतो. कमिशनर जिना चढून आले. कागद नायकाच्या हातात आला. मी थांबले.

"वाच न."

माझा आवाज मला दगा देणार, हे दिसतच होतं. म्हणून छापलं होतं तसंच वाचलं. कागद जळला, सिगारेट पेटली, राख खिडकीतून खाली गेली.

खोलीत नुसता उकाडा. कोठीमागचं पुस्तक पुन्हा काढलं कशाला, असं मला झालं.

"याले लेकरं नाही न?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग जमते त्याले जाळाले." त्यांना त्या माणसाची कीव आली असावी. मग माझ्या दिशेनं तोंड करून, जरा हसून म्हणाले, "मले दिला असता न तो कागद, तं तिथंच जिन्यावर टोपी घातली असती वं. अन् दुसऱ्या दिवशी तुले शाळेत सोडाले वर्दीतच आलो असतो."